वरच्या खिशातली स्ट्रिप

तासगावच्या बेदाणा सौद्यात हिशेब सांभाळणारे एक गृहस्थ. ओळख पटू नये म्हणून एखाददुसरा तपशील बदललाय. आमच्यापर्यंत येईतो पॅनिकच्या, म्हणजे अचानक जीवघेण्या भीतीचे ॲटॅक येणाऱ्या, पेशंटची फाइल जाड झालेली असते, तशी यांचीही होती. ईसीजी, टू-डी एको, थायरॉईड, हिमोग्लोबिन, शिवाय मिरजेतल्या कॅज्युअल्टीचे कागद. या तपासण्या हव्यातच; ज्याचा थायरॉईड वाढलाय किंवा ठोके चुकतायत, त्याला सांगलीत माझ्यासमोर बसवून काय उपयोग? माझा राग त्यानंतरच्या वाक्यावर आहे. ईसीजी नॉर्मल आला की गॅसचं इंजेक्शन द्यायचं आणि म्हणायचं, “काही नाही हो, टेन्शन घेऊ नका.” पाच मिनिटांपूर्वी आपण मरतोय याची ज्याची खात्री पटली होती, त्याला हे सांगायचं! तो पंधरा दिवसांनी दुसरा दवाखाना गाठणारच. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा?

आमच्या सायकियाट्रिस्ट सरांनी एस्सिटालोप्रॅम, हे ॲटॅक कमी करणारं रोजचं औषध, सुरू केलं होतं, कमी डोसनं. या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस धडधड उलट वाढू शकते. हे आधी नीट सांगितलं नाही तर पेशंट चौथ्या दिवशी ‘मला सोसली नाही’ म्हणत गोळी बंद करतो. यांना सांगितलं होतं, त्यामुळे गोळी टिकली. गोळी लिहिणं सरांचं काम. मी सायकॉलॉजिस्ट, माझं काम त्यापुढचं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते वेडेपणाचं वाटतं. मी पेशंटला मुद्दाम घाबरवते.

म्हणजे असं. फिरत्या खुर्चीत बसवून मिनिटभर गरागरा फिरवायचं, की चक्कर येते. नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावायचा, की घुसमटतं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात. ॲटॅकमध्ये जे जे होतं ते इथं, माझ्यासमोर, ठरवून होऊ द्यायचं. हृदयाचा, दम्याचा, फिटचा त्रास नाही ना हे डॉक्टरांकडून आधी पक्कं करून घेतलेलं असतं. प्रत्येक वेळी आधी वहीत लिहून घ्यायचं: काय होईल वाटतंय आणि भीती शंभरपैकी किती. नंतर लिहायचं: प्रत्यक्षात काय झालं. ती वही मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगते.

त्या दिवशी जिना होता. दवाखान्याचा जिना चांगला उभा आहे. वहीत लिहिलं, ‘छाती भरून येणार, पडणार. ९०.’ धावत वर गेले, खाली आले, परत वर. नाडी १४०. घाम, ओठ कोरडे. आणि उजवा हात शर्टाच्या वरच्या खिशावर घट्ट.

“खिशात काय आहे?”

अल्प्राझोलमची स्ट्रिप होती, म्हणजे घबराट तात्पुरती शमवणारी, पण सवय लावू शकणारी गोळी. घडी पडून पडून चांदी पांढरी झालेली, दोन गोळ्यांचा तर भुगा. तारीख बघितली, तर कधीच संपलेली.

“अहो, ही एक्स्पायर झालीय.”

“म्हाईत हाय की मॅडम.”

“मग?”

“घ्यायची कुठं असती? जवळ असली म्हंजे झालं.”

मला हसू आलं आणि पुढचं काही सुचेना. ताजी गोळी घेतली तरी ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो. ॲटॅक दहा मिनिटांच्या आत टिपेला पोचतो आणि मग आपसूक उतरतो. म्हणजे बरेचदा श्रेय गोळीला मिळतं आणि काम शरीरानंच केलेलं असतं. यांनी तर गोळी न गिळताच श्रेय तिला देऊन टाकलं होतं.

सर म्हणाले, “राहू दे गं. सवय लागण्याची भीती नाही, पोटात जात नाही, फुकटात काम होतंय.” औषधवाल्यांना असं वाटणं साहजिकच आहे. पण जिना चढून माणूस पडला नाही, हे त्याच्या वहीत कुणाच्या नावावर जमा होणार? मला वाटतं, स्ट्रिपच्या. सरांना पटलं नाही. आमचं अजून एकमत नाही आणि खरं सांगायचं तर सरांचा मुद्दा मला रात्री जास्त पटतो.

मी विचारलं, ठेवता का टेबलावर? बराच वेळ बोलले नाहीत. मग स्ट्रिप ठेवली आणि वहीत लिहिलं, ‘९५’. वर गेले, कठडा धरून उभे राहिले, हात दोनदा रिकाम्या खिशाकडे गेला. भीती उतरेपर्यंत तिथंच थांबायचं ठरलं होतं, थांबले. खाली येऊन लिहिलं, ‘पडलो नाही. ४०.’ पुढच्या आठवड्याचा अभ्यास ठरला: तासगाव ते सांगली एसटीनं, एकट्यानं, स्ट्रिपशिवाय.

संध्याकाळी वहिनींचा फोन. “मॅडम, ह्यांना सांगू नका, पण मी डब्याच्या पिशवीत एक नवी स्ट्रिप ठेवलीय. दुकानदार ओळखीचा हाय, चिठ्ठी मागत न्हाई.”

अल्प्राझोलम २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठी लागते, वेगळ्या रजिस्टरात पेशंटचं नि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं, ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. ओळखीचा दुकानदार हे सगळं एका ‘काय वहिनी’मध्ये उरकतो.

पुढच्या वेळी दोघांना एकत्र बोलावलंय. वहिनींसाठी वेगळी वही आणून ठेवलीय.