आमची वाटचाल: तार आणि पोर्ट एकाच हाती

बडोद्यात दांडिया बाजारातल्या लहान ऑफिसांपासून सुरुवात केली, तेव्हा आमचं काम कॉम्प्युटर नेटवर्कची केबल ओढून टोकाला आरजे-४५ (प्लास्टिकचा प्लग) क्रिम्प करण्यापुरतं होतं. स्विचची (सगळ्या केबली जिथे जोडल्या जातात त्या यंत्राची) सेटिंग दुसरं कुणी करायचं. ही वाटणी आम्ही मोडली, कारण तारेतला दोष असो की सेटिंगमधला, तक्रार एकच येते: नेट हळू चालतंय. आता मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतही केबल ओढणारा माणूसच स्विचच्या पोर्टची (केबल खोचायच्या खाचेची) सेटिंग करतो.

गिगाबिटला (१००० एमबीपीएस वेगाला) केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६. त्यामुळे ४ किंवा ५ नंबरची तार तुटली तरी पुष्कळदा दिवा लागतो आणि पोर्ट १०० वर उतरतो. स्विचच्या 'शो इंटरफेसेस स्टेटस' या कमांडमध्ये ए-१०० (आपोआप ठरलेला १०० चा वेग) दिसलं आणि पलीकडचं यंत्र गिगाबिटचं असलं, की आम्ही आधी दोन्ही टोकं बघतो. दोन्हीकडे टी५६८बी हा रंगक्रम: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी येते हे नवख्या मुलाला पटत नाही, तो जोड्या ओळीने बसवतो. दोन्ही टोकं तशीच चुकली तर साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात. पण ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांत गेल्याने पिळाचा उपयोग राहत नाही, क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळणं) वाढतो. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलायचा नाही, हे तर रोजचंच.

पॅनलपासून (रॅकमधल्या जोडपट्टीपासून) आयओपर्यंतची (भिंतीतल्या सॉकेटपर्यंतची) ९० मीटरची मर्यादा २० अंश तापमान धरून आहे. बडोद्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ४० अंश धरले तरी सिग्नलची घट सुमारे ८ टक्क्यांनी वाढते, म्हणून तिथे आम्ही ८३ मीटरवर थांबतो.

केबल निखळ तांब्याचीच. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त. त्यामुळे लांब अंतरावरचा पीओई कॅमेरा (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणारा) दिवसभर चालतो आणि रात्री इन्फ्रारेड लागताच रीस्टार्ट होत राहतो. टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं की ओळखा. पीओईचा हिशेबही आधीच करावा: ३७० वॅटच्या स्विचवर १५.४ वॅटचे २४ पोर्ट भागतात, ३० वॅटचे १२च.

स्पीड आणि डुप्लेक्स (फुल म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी, हाफ म्हणजे आळीपाळीने) दोन्हीकडे ऑटो. एका बाजूला १०० फुल ठोकून बसवलं की ऑटोवाली बाजू हाफवर जाते. लिंक टिकते, पण लेट कोलिजन (उशिरा होणारी टक्कर) आणि सीआरसीचे (बिघडलेल्या डेटाचे) आकडे चढत राहतात. कॉम्प्युटरच्या पोर्टवर ॲक्सेस व्हीएलएएन (पोर्ट एकाच आभासी नेटवर्कला बांधणं) आणि पोर्टफास्ट (पोर्ट लगेच उघडणारी सेटिंग). जुन्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधलं वर्तुळ रोखणाऱ्या पद्धतीत) पोर्टफास्ट नसेल तर पोर्ट उघडायला ३० सेकंद जातात, तोवर कॉम्प्युटरला पत्ता मिळवून देणारा डीएचसीपी हार मानतो. सोबत बीपीडीयू गार्ड (पोर्टवर स्विचचा संदेश आला की पोर्ट बंद करणारी सेटिंग) हवाच, कारण टेबलाखाली कुणी पॅच कॉर्डची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन आयओंत लावली तर डेटा त्याच वर्तुळात फिरत राहतो आणि सबंध ऑफिस थांबतं.

आयओवरचा नंबर पॅनलवर आणि तोच स्विचमधल्या पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये (नोंदीत). मग कॉन्फिगरेशन सेव्ह करून स्विच एकदा बंद-चालू करतो, आणि पोर्ट तसेच परत आले की रॅकला कुलूप लावतो.