तुम्ही विचारलेत म्हणून: पाय चोळल्याने मुंग्या जातात का?

पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगावरील उपचार संपल्यापासून मी रोज रात्री तिच्या पायांना मालिश करतो, हे नात्यात आणि ओळखीत आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे ज्यांच्या घरी कोणाची केमो चालू आहे किंवा नुकतीच संपली आहे, त्यांचा फोन आला की प्रकृतीची चौकशी आटोपल्यावर हाच प्रश्न येतो, "चोळल्याने त्या मुंग्या जातात का हो?" जात नाहीत. तरीही मी चोळतो, आणि काही पथ्ये सांभाळून तुम्हीही चोळावेत असे माझे मत आहे.

केमोनंतर पायांत या मुंग्या का येतात हे आधी पाहू. तिला दिलेले पॅक्लिटॅक्सेल हे औषध पेशीच्या आतील सूक्ष्मनलिकांना जखडून ठेवते. त्यामुळे कर्करोगाच्या पेशींचे विभाजन थांबते खरे, परंतु मज्जातंतूच्या टोकापर्यंत लागणाऱ्या द्रव्यांची ने-आण याच नलिकांवरून होत असते आणि तीही बिघडते. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू शरीरात सर्वांत लांब असल्यामुळे त्यांची टोके आधी आजारी पडतात. म्हणून बधिरपणा, झिणझिण्या आणि चटके बोटांपासून वर सरकतात व पुढे हातांतही उतरतात. सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिनक्रिस्टिन, बोर्टेझोमिब या औषधांचाही असाच त्रास होतो, आणि यांतील पहिल्या दोन, म्हणजे प्लॅटिनम गटातील औषधांचा त्रास तर केमो थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली काढलेल्या निष्कर्षानुसार केमो संपल्यावर महिन्याभरात सुमारे ६८ टक्के रुग्णांना हा त्रास असतो आणि सहा महिन्यांनंतरही सुमारे ३० टक्क्यांना तो उरतो. दुखावलेला तंतू पुन्हा वाढलाच तर दिवसाला साधारण एखादाच मिलिमीटर वाढतो. हा वेग माझ्या तळहाताने बदलणार नाही, हे मी स्वतःला पुनःपुन्हा बजावत असतो.

मग चोळून काय मिळते? स्पर्श आणि दाब यांचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडते, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ साली मांडला. त्याचे तपशील पुढे बदलले, परंतु ठेच लागल्यावर आपण अंगठा दाबून धरतो त्यामागचे कारण साधारण तेच आहे. केमोनंतरच्या पायांत अडचण अशी की स्पर्शाचे संदेश नेणारे तंतूही आजारीच असतात. म्हणून मी तळव्यापासून सुरुवात करत नाही. गुडघ्याखाली, पोटरीवर, जिथे तिला स्पर्श नीट कळतो तिथून आरंभ करतो आणि हळूहळू घोट्याकडे उतरतो. त्यानंतर चटके तासभर मंदावतात आणि तेवढ्यात तिला झोप लागते. केमोनंतरच्या या वेदनांवर परिणामकारक म्हणून अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली ड्युलॉक्सेटिन या एकाच औषधाची शिफारस केली, हे लक्षात घेता तासाभराची उसंत मला कमी वाटत नाही.

घरच्या माणसाचा हात त्यासाठी पुरतो का, असाही उपप्रश्न असतो. अमेरिकेत ९७ रुग्ण आणि त्यांचे काळजीवाहक यांच्यावर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली आले. काही काळजीवाहकांना चित्रफितीवरून साधे मालिश शिकवले होते, तर इतरांनी रुग्णाला वाचून दाखवायचे होते. मालिशनंतर वेदना, थकवा, चिंता अशी लक्षणे २९ ते ४४ टक्क्यांनी उतरली, तर वाचनानंतर १२ ते २८ टक्क्यांनी. हा प्रयोग केवळ नसांच्या दुखण्यापुरता नव्हता. तरी नुसत्या वाचनाने एवढा फरक पडतो, यावरून शेजारी बसलेल्या माणसाचा वाटाही लहान नसावा असे मी समजतो.

आमच्या घरी तंत्रापेक्षा संकोच मोठा होता. नवऱ्याने बायकोच्या पायांना हात लावायचा ही कल्पनाच तिला सहन होईना. ती पाय आखडून घ्यायची आणि "अहो, राहू द्या, पाप लागेल मला" म्हणायची. शेवटी फिजिओथेरपिस्टबाईंनी हा व्यायामाचाच भाग आहे असे सांगितले आणि डॉक्टरी आदेश म्हणून तिने तो मान्य केला. आता किती दाबायचे, कुठे थांबायचे हे तीच ठरवते. काही रात्री पांघरूणसुद्धा टोचते. तेव्हा मी चोळत नाही, घोट्यावर तळहात नुसता ठेवतो. तेल साधे खोबरेल, तळहातावर कोमट केलेले. झोंबणारे बाम मी टाळतो, कारण बधिर कातडीला ते किती लागले हे समजत नाही. काशाच्या वाटीचा सल्ला जवळजवळ प्रत्येकाने दिला. घासताना निघणारा काळा रंग म्हणजे अंगातून ओढलेली उष्णता नव्हे; काशात तांबे असते, आणि तुपातेलाशी झालेल्या घर्षणात ते रंग सोडते. शिवाय धातूचा दाब बधिर तळव्याला उमगत नाही, त्यामुळे आमची वाटी फडताळातच आहे.

काही वेळा हात लावूच नये. एकच पाय सुजला, गरम झाला, पोटरी दुखू लागली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो; तेव्हा मालिश नव्हे, रुग्णालय. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरलेल्या असतील किंवा रोग हाडांत पोहोचला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाब देऊ नये. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांनी तळवे लाल होऊन सोलवटले असतील तर घर्षणाने ते आणखी बिघडतात. रेडिएशनची कातडी, ताजी जखम, पोर्टची (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या डबीची) जागा आणि काखेतील गाठी काढल्यानंतर सुजलेला हात, ही ठिकाणेही वर्ज्य.

मालिश करताना मी तिचे पाय बघतो, आणि हा लाभ मला वेदनाशमनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. चपलेचा खडा, नखाजवळची चीर, बेचक्यातला ओलावा तिला जाणवत नाही, मला दिसतो. शेवटी तेल जुन्या सुती पंचाने पूर्ण टिपून घेतो, कारण बधिर, तेलकट पाय गुळगुळीत फरशीवर पडला तर कंबर मोडायची. तिच्या आंघोळीच्या पाण्यात आधी माझे कोपर जाते.

ज्यांची केमो अजून चालू आहे, त्यांना मात्र मी मालिशचे पुढे सांगण्याआधी एवढेच विचारतो, की ब्लाउजचे हूक लागत नाहीत, हातातून पेला निसटतो, जिना उतरताना पायरी कळत नाही, हे तुम्ही डॉक्टरांना सांगितले आहे का? औषधाची मात्रा कमी करायची किंवा औषध बदलायचे, हा निर्णय पुढच्या सलाइनच्या आधीच घेता येतो, आणि पुष्कळ रुग्ण उपचार थांबवतील या भीतीने गप्प बसतात.