तुम्ही विचारलंत म्हणून: ते तेल का काढायचं नाही?

अलास्कात राहते म्हटलं की पुण्याकडची मंडळी हमखास विचारतात, "पायाखाली एवढं तेल असताना चार जनावरांसाठी ते सोडून द्यायचं, हे कसं परवडतं?"

प्रश्न रास्त आहे. इथल्या शाळा नि रस्ते तेलाच्या पैशावर उभे राहिले. उत्तर किनाऱ्यावरच्या प्रूडो बेला १९६८ साली तेल सापडलं, १९७७ पासून ते तेराशे किलोमीटरच्या पाइपलाइनने दक्षिणेला येतंय. ते बंद करा, असं मी म्हणत नाही. माझा विरोध आहे तो पूर्वेकडच्या अभयारण्यात, आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजच्या किनारपट्टीत, खोदायला.

अभयारण्य सुमारे ७८ लाख हेक्टरचं आणि वाद जेमतेम सहा लाखांचा. मग तेवढं द्यायला काय हरकत? हरकत अशी, की पॉर्क्युपाइन नावाच्या कळपातल्या कॅरिबू (म्हणजे रानटी रेनडिअर) माद्या जूनच्या सुरुवातीला शक्यतो तिथेच वितात. कोवळं गवत तिथे मिळतं, लांडगे कमी असतात, आणि पुढे डासांचे थवे उठले की समुद्रावरचा वारा हाच आसरा. बर्फ उशिरा वितळून माद्यांना वाटेत कॅनडातच विणं भाग पडतं, त्या वर्षी पाडसं जास्त मरतात. नुकत्याच व्यालेल्या माद्या रस्ते आणि पाइपलाइनपासून लांब पळतात. प्रूडो बेकडच्या कळपाला सरकायला मोठं मैदान होतं. इथे मात्र डोंगर समुद्राच्या अगदी जवळ येतात. सरकणार कुठे?

काम हिवाळ्यात, जमीन गोठलेली असताना करू, असं सांगतात. पण त्याच दिवसांत नदीकाठच्या बर्फात ध्रुवीय अस्वलाची मादी बीळ करून असते. जेमतेम अर्धा किलोची, डोळेही न उघडलेली पिल्लं तिच्या पोटाशी असतात, आणि भूकंपलहरींनी तेल शोधणारी अवजड वाहनं वरून जायची. १९८४-८५ च्या हिवाळ्यांत अशीच वाहनं फिरली, त्यांचे चरे कित्येक दशकांनंतरही टुंड्रावर काही ठिकाणी दिसत होते.

शिवाय ज्यांच्यासाठी हा आटापिटा, त्यांनाच घाई दिसत नाही. इथे तेल काढायच्या हक्कांच्या जानेवारी २०२१ च्या लिलावात एकही बडी तेल कंपनी आली नाही. जानेवारी २०२५ मध्ये तर एकही बोली लागली नाही. तरीही त्याच वर्षीच्या कायद्याने आणखी लिलाव ठरवलेत, म्हणून मला स्वस्थ बसवत नाही.

कॅरिबूच्या मांसावर जगणारे दक्षिणेकडचे ग्विचिन हे मूळनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या ही जागा पवित्र मानतात. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्याच किनाऱ्यावर काक्टोविक गाव आहे. तिथल्या अनेक इन्युपियाट या मूळनिवासी लोकांना तेल हवंय, आणि ती जमीन त्यांच्या वाडवडिलांची आहे. दवाखाना, शाळा, नळाचं पाणी त्यांनी मागू नये, असं शहरात राहून मी कोणत्या तोंडाने म्हणू? राज्याच्या तेलनिधीतून आम्हा रहिवाशांना दरवर्षी लाभांश मिळतो, २०२४ साली तो माणशी १,७०२ डॉलर होता. त्याला कात्री लावून काक्टोविकच्या गरजा भागवा. माझी तयारी आहे.