तीन अक्षरांचा कोड आणि 20 सेकंद

पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांची निरीक्षणं पाठवायची असतील तर आधी वेधशाळेचा कोड लागतो. फक्त तीन अक्षरांचा. तो मायनर प्लॅनेट सेंटर देतं. हे केंद्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आहे आणि जगभरातल्या लघुग्रहांच्या नोंदी तिथे जमा होतात. हा कोड मिळवायला मला अख्खा हिवाळा लागला. त्यातले अडीच महिने एकाच ठिकाणी अडकून गेले आणि त्याची चिडचिड अजून गेलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. दुसऱ्या कुणाचे तरी हे महिने वाचावेत.

मी मोजणीच्या कामातला माणूस आहे. नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांत लेआउटच्या, रस्त्यांच्या, शेतांच्या मोजण्या करतो. आकाशाकडे वळलो ते 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी. त्या दिवशी आम्ही सगळे गच्चीवर होतो आणि आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग गेली. अख्ख्या नागपुराने ती पाहिली. जो तो म्हणत होता, उल्का पडली. मग बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग सापडली. तो चिनी रॉकेटचा अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. वरून काय येतं आहे याचा हिशेब कुणीतरी ठेवत असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. विदर्भातल्या माणसाला लोणार ठाऊकच असतं. बसाल्टच्या खडकात जवळपास 1.8 किलोमीटर रुंद खड्डा कशाने पडला हे शाळेत शिकलो होतो, पण तो हिशेब आजही चालू असतो हे कुठे माहीत होतं?

मग 2025 चा फेब्रुवारी आला. 2024 वायआर4 नावाचा लघुग्रह 22 डिसेंबर 2032 ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता वाढत वाढत 18 फेब्रुवारीला 3.1 टक्क्यांवर गेली. टोरिनो मापनावर, म्हणजे धोक्याच्या 0 ते 10 च्या पट्टीवर, त्याला 3 आकडा मिळाला. संभाव्य पट्टा पॅसिफिकपासून आफ्रिका, अरबी समुद्र करत आपल्या उपखंडापर्यंत येत होता. टीव्हीवर नकाशा पाहून आई म्हणाली, "आपल्यावर पडते का रे हे?" मी तिला म्हटलं, थांब, अजून मोजणी पुरी व्हायची आहे. आठवडाभरात तो धोका जवळपास शून्यावर आला. टक्का आधी चढतो आणि मग कोसळतो, यात लपवाछपवी काही नसते. मोजणीतली अनिश्चितता हा एक लांबच लांब पट्टा असतो. नवीन निरीक्षणांनी तो आक्रसत जातो. आक्रसणाऱ्या पट्ट्यात पृथ्वी आहे तोवर तिचा वाटा मोठा दिसत राहतो. एक दिवस पट्ट्याचं टोक पृथ्वीवरून सरकतं आणि टक्का धाडकन खाली येतो. ही निरीक्षणं मोठ्या वेधशाळाच करतात असं नाही, छोट्या दुर्बिणींचे लोकही त्यांत असतात. मला त्यांच्यातला एक व्हायचं होतं.

दुर्बीण (8 इंची), कॅमेरा, माउंट (दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणारी बैठक) यांत काही अडलं नाही, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. जागा काटोलच्या बाजूला, मावसभावाच्या संत्र्याच्या वावरात. शहरातून करायचा विचार मी पंधरा दिवसांत सोडला.

कोडसाठीची अट तशी सरळ आहे. क्रमांक मिळालेले, म्हणजे ज्यांची कक्षा पक्की झाली आहे असे मुख्य पट्ट्यातले (मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातले) काही लघुग्रह घ्यायचे, किमान दोन रात्री टिपायचे, प्रत्येकाच्या रात्रीतून तीनचार नोंदी करायच्या. सोबत पृथ्वीजवळचा एक तरी हवा. त्यांची जागा आधीच ठाऊक असल्यामुळे तुमची मोजणी किती खरी आहे ते लगेच कळतं. पट्ट्यातले सात लघुग्रह मी दोन रात्रींत उरकले. मोजलेली जागा आणि अपेक्षित जागा यांतला फरक (आमच्या धंद्यात याला क्लोजिंग एरर म्हणतात) सगळीकडे 0.2 ते 0.4 आर्कसेकंद. आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. इतकी चांगली मोजणी पाहून मला खरोखर अभिमान वाटला.

आणि मग पृथ्वीजवळचा घेतला. फरक 3.6 आर्कसेकंद.

दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. दुसरा लघुग्रह घेतला तरी तेच. फाइंड ऑर्ब हा कक्षा काढणारा प्रोग्राम घरीच चालवून पाहत होतो, म्हणून निदान चुकीचं काही पाठवलं नाही. तुम्हीही पाठवण्याआधी घरी तपासा. चुकीची नोंद गेली तर ती कुणाच्या तरी कक्षेच्या हिशेबात शिरते, आणि नवीन सापडलेल्या लघुग्रहाच्या मोजक्या नोंदींमध्ये एक चुकीची नोंद फार वजनाची ठरते. त्यापेक्षा न पाठवलेली बरी.

ज्यांच्याकडून कॅमेरा घेतला होता त्यांना फोन केला. ते म्हणाले, माउंटचं ध्रुवाशी अलाइनमेंट चुकलं आहे. आकडे न बघताच म्हणाले. मी ऐकलं आणि तीन शनिवार-रविवार फक्त अलाइनमेंट करत बसलो. डिसेंबरातली थंडी, ओलिताचं वावर, दर अर्ध्या तासाला काचेवर दव. मावसभाऊ पंपाची लाइन आली की उठायचा आणि विचारायचा, "दादा, अजून नाही जमून राहिलं का?" नाहीच जमत होतं, आणि त्या वाटेने जमणारही नव्हतं. लघुग्रहाची जागा आपण त्याच फोटोतल्या ताऱ्यांवरून मोजतो, आणि त्या ताऱ्यांच्या नेमक्या जागा गाया उपग्रहाने केलेल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे ताऱ्यांच्या यादीत, असतात. माउंट थोडं सरकलं तर तारेही सरकतात, लघुग्रहही सरकतो, मोजणी तीच राहते. हे मला त्याच क्षणी सुचायला हवं होतं. मोजणीवाल्याला रेफरन्स पॉइंट म्हणजे काय हे सांगावं लागू नये. त्या तीन आठवड्यांचा राग आजही आहे.

शेवटी कागद घेतला आणि फरकाची दिशा काढली. प्रत्येक वेळी लघुग्रह आपल्या वाटेवर पुढे दिसत होता. वाटेच्या डावीउजवीकडे काहीच चूक नव्हती. म्हणजे जागा बरोबर होती आणि वेळ चुकलेली होती. पट्ट्यातला लघुग्रह मिनिटाला साधारण 0.6 आर्कसेकंद सरकतो. माझा पृथ्वीजवळचा मिनिटाला 9 सरकत होता, म्हणजे सेकंदाला 0.15. त्यावरून 3.6 चा फरक म्हणजे 24 सेकंदांची चूक. पट्ट्यातल्यांमध्ये हीच चूक 0.24 एवढीच दिसते आणि हवेच्या थरथरण्यात लपून जाते. एक तरी पृथ्वीजवळचा हवाच, ही अट का आहे ते मला त्या रात्री कळलं.

लॅपटॉपचं घड्याळ पाहिलं. वावरात मोबाइलची रेंज जेमतेम एक काडी, त्यावर घड्याळ जुळवून घेणार कसं? पण ते 24 सेकंद मागे नव्हतं. किती मागे आहे ते फोनकडे बघून डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यावर एक उत्तम युक्ती आहे, जीपीएसच्या उपग्रहांचेच फोटो काढायचे. ते साधारण 20,000 किलोमीटरवर असतात, सेकंदाला तीसचाळीस आर्कसेकंद पळतात आणि त्यांची जागा अत्यंत नेमकी माहीत असते. घड्याळात दशांश सेकंदाची चूक असली तरी ती उघडी पडते. दिवसभर ज्या उपग्रहांवरून मी लोकांच्या बांधांच्या खुणा काढतो, त्यांनी रात्री माझ्या घड्याळाची मोजणी केली. घड्याळ 4 सेकंद मागे निघालं. लॅपटॉपला यूएसबी जीपीएस रिसीव्हर लावला, ते दुरुस्त झालं.

फरक 3.6 वरून 3.0 वर आला आणि तिथेच अडला. अजून 20 सेकंद कुठे जात होते?

यावर आणखी तीन आठवडे गेले. ढग, पौर्णिमा, एक लग्न. केबल बदलली, लॅपटॉप बदलला, ड्रायव्हर बदलला, 20 सेकंद तसेच. उपग्रहांच्या फोटोंत मात्र आता जेमतेम अर्ध्या सेकंदाची चूक येत होती. तेच घड्याळ, तोच कॅमेरा, मग लघुग्रहालाच 20 सेकंद का? जानेवारीत एका रात्री चांदणं लवकर येणार होतं म्हणून मी 40 सेकंदांऐवजी 20 सेकंदांची एक्स्पोजर (एका फोटोसाठी कॅमेरा जितका वेळ प्रकाश घेतो तो वेळ) घेतली. फरक आला 1.5. बरोबर अर्धा. मी खुर्चीतून उठलो. उपग्रहांचे फोटो 1 सेकंदाचे होते, त्यांत चूक अर्धा सेकंद. 20 च्या फोटोत 10. 40 च्या फोटोत 20. चूक दर वेळी एक्स्पोजरच्या अर्धी होती.

कॅमेऱ्याचा प्रोग्राम फाइलमध्ये एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ लिहीत होता. मोजणीच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे ॲस्ट्रोमेट्रिकामध्ये, फाइलमधली वेळ सुरुवातीची, मधली की शेवटची हे सांगायची एक जागा आहे. तिथे मी पहिल्या दिवशी "मधली" निवडलं होतं आणि पुन्हा कधी उघडून पाहिलं नव्हतं. बदललं, जुने सगळे फोटो पुन्हा मोजले. फरक 0.3. रात्रीचे दोन वाजले होते. मावसभावाला उठवून सांगितलं. त्याला आकडा कळला नसेल, पण उठून त्याने चहा ठेवला.

म्हणून बाकी काही करण्याआधी ती एक सेटिंग बघा. मग दोन वेगवेगळ्या लांबीची एक्स्पोजर घेऊन पट्ट्यातला नाही, पळणारा लघुग्रह मोजा.

पुढचं भराभर झालं. नोंदींमध्ये कोडच्या जागी तीनदा एक्स लिहायचा, कारण कोड अजून मिळालेला नसतो. जागेचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस84 मध्ये, म्हणजे जीपीएस वापरतो त्याच पद्धतीत, द्यायचे. उंचीबाबत एक सांगायचं राहून जाईल: जीपीएस जी कच्ची उंची देतो ती एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नाही, आणि आपल्या भागात दोन्हींत कितीतरी मीटरांचा फरक पडतो. कोणती देताय ते बघून द्या. नोंदींचं नवं स्वरूप ॲडेस नावाचं आहे, त्यातच पाठवा. सगळ्या वेळा जागतिक वेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. पहाटे साडेपाचच्या आधीच्या फोटोंची तारीख आदल्या दिवसाची होते, इथे माझ्या ओळखीतल्या दोघांनी चूक केली.

कोडचा ईमेल आला तेव्हा मी हिंगण्याला एका लेआउटवर साइटवर होतो. तीन अक्षरं. पोराला हातातली काठी धरायला सांगून मी ती पुन्हापुन्हा वाचली आणि आईला फोन केला.

आता तयारी अपोफिसची. 2004 मध्ये याच लघुग्रहाची आदळण्याची शक्यता 2.7 टक्क्यांवर गेली होती आणि टोरिनो मापनावर त्याला 4 मिळाला होता, आजवरचा सर्वांत मोठा आकडा. पुढच्या मोजण्यांनी, शेवटी 2021 च्या रडार निरीक्षणांनी, निदान शंभर वर्षं तरी त्याची भीती नाही हे पक्कं केलं. 13 एप्रिल 2029 ला तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण 32,000 किलोमीटरवरून जाईल, आपल्या टीव्हीच्या उपग्रहांपेक्षा जवळून. सर्वांत जवळ येण्याची जागतिक वेळ रात्री 9 वाजून 46 मिनिटं. आपल्या घड्याळात तेव्हा 14 एप्रिल उजाडून पहाटेचे 3 वाजून 16 मिनिटं झालेली असतील. दीक्षाभूमीवर, संविधान चौकात त्या रात्री बाबासाहेबांच्या जयंतीची रोषणाई असेल, अख्खं शहर जागं असेल. मध्यरात्रीपर्यंत मीही तिथे असेन. मग काटोलला. मावसभावाला आत्ताच सांगून ठेवलं आहे, त्या रात्री वावरातला दिवा लावायचा नाही.