१ मिलिसेकंदाचा ठोका, नोंद ४: गुन्हेगार भाषा नव्हतीच

दर मिलिसेकंदाला उठणारा लूप कोणत्या प्रोग्रामिंग भाषेत किती उशिरा उठतो ते मी मोजतोय. गेल्या नोंदीत सी आणि पायथनचे आकडे टाकले होते. ते विसरा. मापायची पट्टीच वाकडी होती आणि ती सरळ करण्यात तीन रविवार गेले.

मांडणी तीच आहे. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक), लिनक्सच्या ६.६ कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, वेळ काटेकोर पाळायला लावणारा प्रीएम्प्ट-आरटी पॅच, गव्हर्नर परफॉर्मन्सवर (प्रोसेसर कायम पूर्ण वेगात), चौथा कोअर (मोजणी शून्यापासून, म्हणून कोअर ३) आयसोलसीपीयू या सेटिंगने इतर कामांपासून बाजूला काढलेला. दर मिलिसेकंदाला लूपने उठायचं, जीपीआयओची (बोर्डावरच्या सिग्नलच्या पिनांपैकी) एक पिन उलटी करायची, म्हणजे चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू, किती उशीर झाला ते टिपायचं, परत झोपायचं. १० मिनिटांत ६ लाख ठोके. नोंदी आधीच राखून ठेवलेल्या अ‍ॅरेत जातात आणि तो एमलॉकऑलने रॅममध्ये जखडलेला आहे. लूपच्या आत प्रिंट केलं की भाषेऐवजी एसडी कार्डाचा उशीर मोजला जातो, हे नोंद २ मध्ये शिकून झालंय. सरासरीकडे मी बघत नाही. ६ लाखांतला सगळ्यात वाईट ठोका कोणता, तेवढं सांगा; मोटर चालवताना तोच नडतो.

पहिली चूक लाजिरवाणी. पायथनमध्ये मी दर फेरीला ‘आतापासून १ मिलिसेकंद झोप’ असं लिहिलं होतं. सीमध्ये मात्र क्लॉक_नॅनोस्लीप, टायमर_अ‍ॅब्सटाइमसह, म्हणजे ‘अमुक वेळेला उठव’. वाटतो किरकोळ फरक. पण ३० मिलिसेकंदांचा एक खोळंबा झाला की पहिल्या पद्धतीत पुढचं सगळं वेळापत्रकच तेवढं सरकतं आणि तक्त्यात एकच वाईट नोंद पडते. दुसऱ्या पद्धतीत हुकलेले तीसच्या तीस ठोके उतरत्या उशिराने एकामागोमाग हजेरी लावतात. थोडक्यात, परीक्षकच पायथनला कॉपी पुरवत होता. आता पायथनमधूनही सीटाइप्स (सीची फंक्शनं बोलावायची सोय) वापरून तोच कॉल करतोय.

दुसरी भानगड जास्त मजेशीर. झोपेतून उठण्यातला उशीर टाळावा म्हणून सीच्या लूपमधली झोपच काढली. शेड-फिफो (साध्या कामांच्या आधी नंबर लावणारा रिअल-टाइम प्रकार), प्रायॉरिटी ८०, नुसतं घड्याळाकडे बघत फिरत राहायचं. जिटर, म्हणजे ठोक्यांच्या वेळेतली चलबिचल, झकास कमी झाला. फक्त दर सेकंदाला साधारण ५० मिलिसेकंदांचं भगदाड! आधी लॉजिक अ‍ॅनालायझरच्या वायरी बदलल्या, मग पॉवर सप्लाय. शेवटी चिडून तोच लूप रस्ट या दुसऱ्या भाषेत लिहिला. तिथेही तेच. दोन वेगळ्या कंपायलरांना एकाच तालात उचकी कशी लागेल?

प्रॉकमधली (कर्नलच्या सेटिंग्ज दाखवणारं फोल्डर) शेड_आरटी_रनटाइम_यूएस ही फाइल उघडली: ९५०००० मायक्रोसेकंद. शेजारच्या पिरियडच्या फाइलमध्ये १००००००. रिअल-टाइम थ्रेडने अख्खा कोअर गिळून मशीन गोठवू नये म्हणून कर्नल त्याला दर सेकंदातले ९५० मिलिसेकंदच देतो, उरलेले ५० सक्तीची विश्रांती. तिथे -१ लिहिलं आणि भगदाड गेलं. (एकच कोअर असलेल्या बोर्डावर हा प्रयोग करू नका. लूप अडकला तर प्लग उपटण्याशिवाय इलाज नाही.) झोपणाऱ्या लूपला हे कधी दिसलं नाही, कारण तो ९५० मिलिसेकंदांच्या जवळपासही जात नव्हता.

पायथनमध्ये जीसी (गार्बेज कलेक्टर, नको असलेली मेमरी अधूनमधून झाडणारा) डिसेबल केल्यावर हिस्टोग्रामची शेपटी, म्हणजे फार उशिराचे ठोके, बरीच आखूड झाली, गेली मात्र नाही. रेफरन्स काउंटिंग (वस्तूला कोणी वापरत नाही असं दिसताच ती सोडून देणं) चालूच असतं, त्यामुळे मेमरी फुगण्याची भीती माझ्या एवढ्याशा लूपला नाही. मोठ्या प्रोग्रामात मी हे धाडस करणार नाही.

गो या भाषेचं मोजमाप अर्धवट आहे. प्रायॉरिटी दिली होती ओएसच्या थ्रेडला, आणि गोरूटीन (गोचं स्वतःचं हलकं काम) निवांत दुसऱ्याच थ्रेडवर पळत होतं. त्याला एकाच थ्रेडला बांधणारं लॉकओएसथ्रेड आज सकाळी घातलं. कालचे सगळे आकडे कचऱ्यात. नवीन रन चालू आहे.