चार कंट्रोलर आणि पोर्टांचा घोळ

आज दिवसभर रेट्रोआर्चमध्ये (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चार कंट्रोलर बसवायचं काम चाललं. जोडणं सोपं आहे, डोकं खातो तो क्रम. एकाच मॉडेलचे दोन कंट्रोलर असले की व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी (कंपनी आणि मॉडेलचे ओळख क्रमांक), नाव सगळं सारखं. मग पोर्ट, म्हणजे कितवा खेळाडू ती जागा, मिळतो जोडणीच्या क्रमाने. यूएसबी हब उपसून परत लावला की पहिला खेळाडू दुसरा होऊन बसतो.

सेटिंग्ज, इनपुट, पोर्ट १ कंट्रोल्स, तिथे डिव्हाइस इंडेक्स (त्या पोर्टला कुठला कंट्रोलर, ते ठरवणारी सेटिंग). प्रत्येक पोर्टला वेगळा द्यायचा. दोन पोर्टांना एकच राहिला तर एकाच बटणावर दोघेही उड्या मारतात (बघायला मजा येते, खेळायला नाही). कंट्रोलरांवर १ ते ४ आकड्यांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात, हे कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त उपयोगी.

एसएनईएसच्या (निन्टेन्डोचा जुना कन्सोल) चौघांच्या गेममध्ये तिसरा-चौथा हलतच नसेल तर कंट्रोलरला शिव्या घालू नका. गेम सुरू असताना क्विक मेन्यू, कंट्रोल्स, पोर्ट २, डिव्हाइस टाइप: मल्टीटॅप (एका पोर्टला अनेक कंट्रोलर जोडणारं उपकरण). मूळ कन्सोललाच पोर्ट दोन होते.

बाकी, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर ए बटण खाली, एसएनईएसवर उजवीकडे. जागा बघून मॅपिंग (कुठलं बटण कशाला, ती जुळणी) करा, अक्षर बघून नाही.