खर्जात गाणाऱ्या मुली

मी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या वृंदात, टेनर गाते. ही एरवी पुरुषांची, उंच पुरुषी आवाजाची ओळ. माझ्या रांगेत बाकी सगळे पुरुष. लहानपणी गाण्याच्या क्लासला इतर मुलींची पट्टी काळी चार, काळी पाच. माझ्यासाठी बाई काळी दोन धरायच्या. घरी आलेले पाहुणे "आवाज बसलाय का गं?" असं विचारायचे. म्हणून इटालियन संगीतकार व्हिवाल्दीच्या ‘ग्लोरिया’बद्दल मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, आणि लिहायचंही नाही.

हे लॅटिन स्तोत्र त्याने साधारण 1715 च्या सुमारास व्हेनिसमधल्या ‘ओस्पेदाले देला पिएता’साठी रचलं. पिएता म्हणजे टाकून दिलेल्या बाळांना सांभाळणारी संस्था. तिथल्या ज्या मुलींना गळा किंवा हात असे, त्यांना संगीताचं कसून शिक्षण मिळायचं. व्हिवाल्दी 1703 मध्ये तिथे व्हायोलिन शिकवायला लागला. त्याच वर्षी त्याला पाद्रीपदाची दीक्षाही मिळाली होती. पुढे 1713 मध्ये तिथले संगीतप्रमुख गास्पारिनी निघून गेले आणि चर्चसाठी नव्या रचना करायचं काम व्हिवाल्दीकडे येत गेलं.

गाणाऱ्या मुली जाळीआड, वरच्या सज्जात. खाली बसलेल्यांना फक्त आवाज. आणि व्हिवाल्दीच्या कागदावर चार ओळी आहेत, वरून खाली: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. एरवी खालच्या दोन पुरुषांच्या. चारही ओळी बायकाच गायच्या! आडनावाच्या जागी वाद्य किंवा स्वर लावायची तिथे पद्धत होती. आना मारिया ‘दाल व्हियोलिन’ प्रसिद्धच आहे, पण नोंदींमध्ये ‘दाल तेनोर’ आणि ‘दाल बासो’ म्हणवल्या जाणाऱ्याही सापडतात. बासची ओळ त्या लिहिल्याप्रमाणे खालीच गात की एक सप्तक वर, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. चेलो आणि ऑर्गन ती ओळ खाली वाजवतच असतात, त्यामुळे वर गायलं तरी पाया हलत नाही. माझं मन अर्थातच खालच्या सुराकडे. आपल्याकडे गंगूबाई हनगल ऐकलेल्या माणसाला बाईचा खर्ज अशक्य वाटूच नये.

केवळ बायकांनी गायलेली ‘ग्लोरिया’ मी ऐकली आणि दुसऱ्या भागापाशी थबकले. पहिला भाग डी मेजर या उजळ स्वरमेळातला, ट्रम्पेटसकट, सप्तकभर उड्या मारत निघालेला. तो सगळ्यांना माहीत असतो, जाहिरातींतही वाजतो. लगेच पुढचा ‘एत इन तेर्रा पाक्स’ बी मायनर या उदास स्वरमेळात, संथ. शब्द पृथ्वीवरच्या शांतीचे, पण संगीत त्या शांतीची नुसती याचना करत राहतं. एक ओळ आपला सूर सोडत नाही, दुसरी तिला येऊन घासते, मग पहिली हळूच खाली उतरते, आणि हे पुन्हा पुन्हा होत राहतं. मिश्र कॉयरमध्ये पुरुषांचे आवाज खाली वेगळे पडतात. इथे चारही ओळी एकाच जातीच्या, त्यामुळे घासणारा सूर नेमका कुणाचा हे कळतच नाही. जाळीआडून तो कसा येत असेल!

व्हिवाल्दी 1741 मध्ये व्हिएन्नात वारला आणि हे सगळं विस्मरणात गेलं. 1920 च्या दशकात इटलीतल्या सालेशियन या कॅथलिक पंथाच्या एका मठ-शाळेतून त्याच्या हस्तलिखितांचा मोठा गठ्ठा बाहेर आला. तुरिन विद्यापीठातल्या आल्बेर्तो जेन्तिलींनी तो वाचवण्यासाठी धडपड केली. आधी एका देणगीदाराने, मग उरलेल्या भागासाठी दुसऱ्याने पैसे दिले. दोघांनीही आपापल्या वारलेल्या लहान मुलाच्या स्मरणार्थ. 1939 च्या सप्टेंबरमध्ये इटलीतल्या सिएनात संगीतकार आल्फ्रेदो कासेल्लाने ‘ग्लोरिया’ पुन्हा गाऊन घेतली. जेन्तिली ज्यू होते, फॅसिस्ट इटलीच्या ज्यूविरोधी वंशकायद्यांमुळे आदल्याच वर्षी त्यांची नोकरी गेली होती. याची मला फार चीड येते.

व्हेनिसला जाणाऱ्यांसाठी एक सांगते. तिथे ‘व्हिवाल्दीचं चर्च’ म्हणून जे दाखवतात, ते बांधायला सुरुवात झाली तीच त्याच्या मृत्यूनंतर. मुली गायच्या ते जुनं चर्च आता नाही. त्यापेक्षा घरी हेडफोन लावून दुसरा भाग ऐका, आणि सोप्रानो सोडून खालच्या दोन ओळींवर कान ठेवा.